साहेबाच्या गाडीची टाकी

साखरशेतच्या झुगरे घराण्याने ब्रिटिश साम्राज्याची एक ठेव पन्नासहून अधिक वर्षे जिवापाड जपली, हे निर्विवाद आहे. तिला ऊन लागू दिले नाही, तिच्यावर पावसाचा थेंब पडू दिला नाही, परक्याचा हात लागू दिला नाही. आता तिच्या सीटवर कोंबड्यांचे खुराडे होते, हँडलला पावसाळी इरली टांगलेली असत, मागच्या चाकाच्या तारांत विळे खोचलेले असत आणि पेट्रोलच्या टाकीत नागलीचे, म्हणजे नाचणीचे, बियाणे होते. पण एवढ्याने घराण्याच्या निष्ठेला बाध येत नाही.

ही ठेव म्हणजे एक बीएसए मोटारसायकल. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या पलटणीसाठी बर्मिंगहॅमला बनवलेली, रंगाने शेवाळलेल्या विहिरीसारखी आणि वजनाने गाभण म्हशीच्या जवळपास. संस्थानी अमलात जव्हार-मोखाड्याकडच्या रस्त्यांच्या कामावर ब्राउटन नावाचा एक साहेब होता, त्याची ती. सत्तेचाळीस साली साहेब मायदेशी गेला आणि गाडी मंगळू झुगऱ्यांच्या पडवीत आली. ती तिथेच राहिली. मधल्या काळात संस्थान गेले, मुंबई राज्य गेले, मंगळू गेले, त्यांचा मुलगा गेला. गाडी कुठेच गेली नाही.

मंगळूंचा थोरला नातू सुदर्शन शिकला, बीए-बीएड झाला आणि जव्हारच्या एका हायस्कूलात इतिहास शिकवू लागला. आता त्याला झुगरे सर म्हणत. स्लॅबचे घर, खिशाला दोन पेने, बोलण्यात ‘नाय’च्या जागी ‘नाही’. गावातले बहुतेक सगळे त्यांनी मागे टाकले होते, गाडी तेवढी भाषणात आणली होती. प्रजासत्ताक दिन असो, शिक्षक दिन असो, कुणा शिपायाचा निरोप समारंभ असो, झुगरे सर बोलायला उभे राहिले की थोड्या वेळाने ब्राउटन साहेबाची फटफटी साखरशेतच्या वळणावर ऐकू येऊ लागे. साहेब जाताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, मंगळू, सगळ्या संस्थानात भरवशाचा माणूस तू एकटा. ही गाडी तुझ्या हवाली. मग मंगळू आजोबा ती गाडी जव्हारपासून खोडाळ्यापर्यंत दौडवत, आणि तिचा आवाज आला की पाड्यावरच्या बाया पोरे उचलून घरात शिरत.

पुराव्यादाखल एक फोटो होता. त्यात गाडी आहे, गाडीशेजारी अनवाणी मंगळू आजोबा आहेत, आणि त्यांचा उजवा हात पेट्रोलच्या टाकीवर आहे. “जातिवंत स्वार जसा घोड्याच्या मानेवर हात ठेवतो,” झुगरे सर सांगत, “अगदी तसा.” इथे टाळ्या पडत.

नागलीचा तपशील भाषणात येत नसे.

दोन हजार एक सालच्या एप्रिलात, परीक्षेचे पेपर तपासताना, हेमंत सरांनी मान वर केली. हेमंत सर विज्ञानाचे, मूळचे दिंडोरीचे, आणि पेपरात अर्धा गुण देण्यासाठी प्रसिद्ध.

“झुगरे सर, एक शंका आहे. इतिहासाची नाही, विज्ञानाची.”

“विचारा.”

“ती गाडी शेवटची कधी सुरू झाली होती?”

स्टाफरूममध्ये निशा मॅडमनी चहाच्या कपात बघायला सुरुवात केली.

“म्हणजे?” झुगरे सर म्हणाले.

“म्हणजे तुम्ही स्वतः चालू बघितलीय का? की तुमच्या वडिलांनी? की आपल्या सरकारी योजनेसारखं आहे, सगळ्यांनी फक्त ऐकलंय?”

माणूस अशा वेळी गप्प बसला तर गोष्ट चहाबरोबर संपते. पण ज्याचा आजोबा साहेबाचा विश्वासू होता, त्याला गप्प बसणे जमत नाही. “या दसऱ्याच्या मिरवणुकीत,” झुगरे सर म्हणाले, “सगळ्यांत पुढे ती गाडी असेल. आणि गाडीवर मी असेन.”

“चालू गाडीवर?”

“चालू.”

“मग मी मागे बसतो,” हेमंत सर म्हणाले. “ढकलायला माणूस लागेलच.”

संध्याकाळपर्यंत हे बाजारपेठेत पोचले. दुसऱ्या दिवशी चहावाल्याने विचारले, न्हाव्याने विचारले, आणि ज्याला सरांनी नववीत नापास केले होते त्या कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारले. आता माघार घेणे म्हणजे नुसती गाडी परत पडवीत लावणे नव्हते; आजोबाच परत घ्यावे लागले असते.

एसटी स्टँडच्या मागे पांड्याचे गॅरेज होते. पांड्या काही वर्षे भिवंडीत राहून आला होता. तिथे हात जेमतेम शिकला आणि जीभ पुरती शिकला. राजदूत आणि स्कूटर ही त्याची हद्द. पण सरांनी फोटो दाखवला तेव्हा त्याने डॉक्टरासारखी मान हलवली.

“अंग्रेज का माल है सर. हे मरत नाय. बस, सोया है.”

“उठेल?”

“उठवू ना. आपण कशाला बसलोय?”

मेच्या सुट्टीत दोघे टेम्पो घेऊन साखरशेतला गेले. घरी सरांचा धाकटा भाऊ उमेश नव्हता. तो ठाण्याला एका कंपनीच्या गेटवर असे आणि पेरणीला नि दिवाळीला तेवढा उगवे. घर चालवत होत्या त्याची बायको जयवंती आणि कमूआत्या. कमूआत्या ही मंगळूंची धाकटी मुलगी. लग्न करून खोडाळ्याला गेली होती. नवरा आवडला नाही म्हणून पहिल्याच पावसाळ्यात परत आली. त्याबद्दल तिने कधी कुणाला खुलासा दिला नाही आणि कुणी मागायची हिंमत केली नाही.

“आत्ये, गाडी न्यायला आलोय,” सर म्हणाले.

“ने की. आधी कोंबड्या उतरव.”

कोंबड्या उतरल्या, इरली उतरली, विळे निघाले. गोणपाट ओढल्यावर धुळीचा एक ढग उठला आणि तो बसल्यावर गाडी दिसली. पांड्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली तर टायरचा तुकडा पडला, आणि मग बोटाने टाकीवर ठोकले. आवाज भरीव आला.

“सर, टाकी फुल है.”

“नागली हाय त्यात,” कमूआत्या म्हणाली. “दसरबेंद्री.”

दसरबेंद्री म्हणजे बुटकी, लवकर निघणारी नागली. भात दिवाळीच्या पुढेमागे घरात येते, बाकीची नागली त्याहून उशिरा. पण कणग्या भादव्यातच तळाला लागतात. पोट मात्र दिवाळीची वाट बघत नाही. त्या मधल्या दिवसांत जी पहिली भाकरी घरात येते ती दसऱ्याला निघणाऱ्या या नागलीची. मागे वावर गावाकडे त्याच दिवसांत भुकेने पोरे दगावली तेव्हा आधी पेपरवाले आले, मग मंत्री आले, मंत्र्यांमागे गाड्या आल्या. नागली नेहमीप्रमाणे दसऱ्याला आली.

तिचे बियाणे टिकवणे हे मात्र अवघड काम. साखरशेतच्या उंदराला कणगी चालते, मडके चालते, कुडाची भिंत चालते, जुने धोतर चालते. बर्मिंगहॅमचा पत्रा तेवढा त्याला कधी चालला नाही. म्हणून सुगी झाली की वरचे झाकण काढून टाकीत बियाणे ओतायचे, झाकण घट्ट फिरवायचे, खालचा पेट्रोलचा कॉक जिथे असतो त्या भोकाला मेणाचा बोळा. मृगाच्या तोंडावर बोळा काढला की खाली धरलेल्या सुपात नागलीची धार सुटे. पाड्यावरची आणखी चार-पाच घरे इथूनच बी नेत आणि सुगीला आणून घालत. बाकीच्या गावाने कधीच पाकिटातले बी धरले होते.

“ती मी दुसरीकडे काढून देतो,” सर म्हणाले.

“कुठं काढशील? तुझ्या डोक्यात?”

“आत्ये—”

“जागा हाय तिथं. पन वारा लागतो.”

पांड्या हसला आणि सरांकडे बघून थांबला. मग त्याने एक तोड सुचवली. टाकी राहू दे इथेच. इंजिन जिवंत होईपर्यंत आपण सलाईनसारखी बाटली टांगून काम भागवू. टाकी काय, दसऱ्याच्या आदल्या दिवशीही बसेल.

“बघ, ह्या पोराला कलतं,” कमूआत्या म्हणाली. “मिरगात पेरनी होऊ दे. मंग टाकी रिकामीच हाय सुगीपत्तर. तवा ने नि बस तीवर.”

म्हणजे प्रश्न महिन्याभराचा होता. महिनाभर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि लिहिण्यासारखे काही उरले नसते.

पण जव्हारला टेम्पो बाजारपेठेतून जायचा होता. सरांनी एका वार्ताहराला चौकात उभे राहायला सांगून ठेवले होते. झेंडूचा हार घेतला होता. हेमंत सर चहाच्या दुकानात असणार हे उघड होते. आणि टाकी काढलेली मोटारसायकल कशी दिसते हे सरांनी मनात पाहिले: मान कापलेल्या बोकडासारखी. बीएसए ही अक्षरे टाकीवर. आजोबांचा हात टाकीवर. टाकी नाही तर मग फोटो कशाचा काढायचा?

त्यांनी टेम्पोतून एक निळे प्लॅस्टिकचे पिंप उतरवले. ते त्यांनी येतानाच बाजारातून घेतले होते, म्हणजे निर्णय टेम्पोत बसण्याआधीच झाला होता.

“हे बघ, झाकणाचं आहे. हवाबंद. आता सगळीकडे हेच वापरतात. सायंटिफिक आहे.”

कमूआत्याने पिंपाला नख मारून पाहिले. “उंदरांना दात असतात. तुमच्या इतिहासात नसंल.”

जयवंतीने खाली सूप धरले. बोळा काढल्यावर नागली लाल-काळी धार लावून पडत राहिली, बराच वेळ. शेवटी पांड्याने टाकी हलवून पाहिली. आत थोडी खुळखुळली, तेवढी राहिली.

“दादा,” जयवंती पदराने हात पुसत म्हणाली, “टाकी मिरगाच्या आधी परत येईल ना?”

“येईल म्हणजे? शब्द आहे माझा.”

“नाही, हेमंत सरांनाही दिलाय म्हणून विचारलं. दोघांत आधी कुणाचा?”

साखरशेतला एवढी बातमी कशी पोचली, हे सरांना कळले नाही. टेम्पो निघाला. बाजारपेठेत फोटो निघाला. वार्ताहराने तो कधी छापला नाही, पण निघाला.

पुढचे काम सगळे दुरुस्तीचे, म्हणजे सहनशक्तीचे. इंजिन जाम होते. पांड्याने प्लगच्या भोकातून रॉकेल आणि ऑइल ओतले आणि रोज सकाळी उदबत्ती लावून किकवर उभा राहू लागला. किक हलायची नाही, पांड्या हलायचा. सायलेन्सरमधून उंदराचे घर निघाले, त्यात कमूआत्याच्या जुन्या लुगड्याचा काठ. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो नाशिकला जाऊन नव्या तारा गुंडाळून आला. कार्बोरेटर बुलेटचा बसवला, क्लचची केबल राजदूतची, लाइट कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा. जोडणी संपल्यावर घमेल्यात बरेच सामान उरले. सर ते बघत उभे राहिले.

“हे कुठलं?”

“एक्स्ट्रा आहे सर. अंग्रेज लोक जास्तीचंच लावायचे.”

टाकीचा मान वेगळा. ती नाशिकच्या पेंटरकडे गेली. परत आली तेव्हा तिच्यावर चंदेरी कड होती, सोनेरी रेघ होती, आणि आरशाने लाजावे असा हिरवा रंग होता. सरांनी ती घरी नेली. हॉलमध्ये टीव्हीवर ठेवली. पाहुणे आले की आधी टाकी, मग चहा. पांड्याने नवा कॉक बसवला. त्याच्या आतली जाळी काढून टाकली, कारण जाळीने पेट्रोल कमी उतरते असे त्याचे मत होते. मग झाकण उघडून त्यात पेट्रोल भरून पाहिले. गळत नव्हती. सरांनी नाक खाली नेऊन वास घेतला, आणि साहेबाचे राज्य कसे असेल याची त्यांना पहिल्यांदा नीट कल्पना आली.

मृग जवळ आला. पेंटरने सांगितले होते की नवा रंग चुलीच्या धुराजवळ ठेवला तर मातीमोल होईल. शब्द पाळायचा तर रंगाचे काय? सरांनी ठरवले की पिंप चांगले आहे.

बाजाराच्या दिवशी जयवंती एसटीने आली. काखेत निळे पिंप. ती दारात चपला काढून आत आली, पिंप पालथे केले आणि तळाच्या भोकातून हात घालून बोटे हलवून दाखवली.

“दादा, सायंटिफिक फुटलं.”

“अरे. किती उरलं?”

“पिंप उरलं.”

सरांनी पिंप हातात घेऊन भोक पाहिले. कडा गोल कुरतडलेल्या, नेटक्या. आत काळी लेंडी होती आणि तळाला चिकटलेला कोंडा. मागे टीव्हीवर हिरवी टाकी चमकत होती; जयवंतीने तिच्याकडे एकदा पाहिले आणि दुसऱ्यांदा पाहिले नाही.

“आत्या काय म्हणते?”

“काही नाही. त्या काही म्हणत नाहीत, तेच बघवत नाही.”

“हे बघ जयवंती, एवढं काय झालंय? तालुक्याला नागलीची पाकिटं मिळतात. सुधारित जात आहे. मी स्वतः आणून देतो, तुम्हाला नि त्या चार घरांनाही. पाकिटावर फोटो आहे.”

“आहे की,” जयवंती म्हणाली. “फोटो तुमच्याकडे सगळ्याचाच असतो.”

त्यांनी पाकिटे खरोखर आणून दिली. उगाच बोल लावायला नको. बी चांगलेच होते, रोप चांगले उठले, उताराच्या वरकस जमिनीवर लावणीही झाली. फक्त ती जात दसऱ्यानंतर बऱ्याच दिवसांनी निघणारी होती. तसे पाकिटावर छापलेही होते, पण पाकीट वाचणारा त्या घरातला एकच माणूस होता, आणि तो श्रावणात मोटारसायकल वाचत होता.

श्रावणातल्या एका उघडिपीला पांड्याने किक मारली आणि गाडीने उत्तर दिले. आधी शिंक, मग खोकला, मग सायलेन्सरमधून काळ्या धुराबरोबर एक झुरळ. आणि मग तो आवाज, सावकाश, जाड, एकेक ठोका मोजून टाकल्यासारखा. गॅरेजसमोर उभी असलेली एसटी रिकामी झाली. झुगरे सरांनी हँडल धरले होते. त्यांचे दात, चष्मा आणि पोटाचा घेर सगळे एका तालात थरथरत होते. त्यांना खरेच भरून आले. इतकी वर्षे जे ते सांगत आले होते ते सगळे खरे निघाले होते, असे त्यांना वाटले. गाडी चालू होणे आणि आजोबांनी ती चालवलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आवाजात कुणाच्या ध्यानात येणार?

सरांनी शेजारच्या एसटीडी बूथवरून हेमंत सरांना फोन लावला आणि रिसीव्हर दाराबाहेर, तार पुरेल तितका, सायलेन्सरकडे धरला.

“ऐकलंत?”

“ऐकलं,” हेमंत सर म्हणाले. “टीव्हीवर पण असाच येतो.”

भादव्यात कमूआत्याकडून काही निरोप आला नाही. उमेशने मात्र ठाण्याहून फोन केला आणि विचारले, घरी थोडे तांदूळ पोचवशील का. सरांनी पोचवले. रेशनचे नव्हते, चांगले होते. त्या फेरीत त्यांना पाड्यावरची दोन दारे बंद दिसली. दसऱ्याआधी लोक कामाला बाहेर जात नसत. दसरबेंद्री काढून, घरी ठेवून, मग भिवंडी गाठत. यंदा काढायचे काही नव्हते, तेव्हा थांबायचेही काही नव्हते. सरांना ही माणसांची घाई वाटली.

दसरा उजाडला. सरांनी त्यासाठी कोट शिवला होता. चाकांना झेंडू, हँडलला आंब्याचा टहाळा, टाकीवर कुंकवाचे बोट. तेही हलकेच, रंगाला धक्का न लावता. हेमंत सर सांगितल्या वेळेला आले आणि मागे बसले. पांड्याने किक मारली. गाडी सुरू झाली. ढोल-ताशे आणि तिचा आवाज एकमेकांत मिसळले आणि मिरवणूक निघाली, सगळ्यांत पुढे झुगरे सर. चहावाल्याने दुकानातून हात केला. न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. नापास कंडक्टरने चक्क टाळ्या वाजवल्या. निशा मॅडम आपल्या मुलीला सांगत होत्या, बघ, ते सर.

“हेमंत सर,” झुगरे सर मान न वळवता ओरडले, “अर्धा गुण देणार का आता?”

“चढ संपू द्या,” मागून उत्तर आले.

चढाच्या मधोमध गाडीने आचका दिला. मग दुसरा. मग तिने एक दीर्घ श्वास सोडला आणि ती थांबली. पांड्याने किक मारली, पुन्हा मारली, झेंडू गळून पडेपर्यंत मारली. ढोलवाले मागे येऊन अडकले. त्यांना थांबता येईना आणि पुढेही जाता येईना, तेव्हा ते जागच्या जागी वाजवत राहिले.

“पेट्रोल उतरत नाय,” पांड्या म्हणाला. त्याने कॉक बंद केला, खाली बसला आणि कार्बोरेटरची वाटी खोलली. वाटीत पेट्रोल होते आणि पेट्रोलाच्या तळाला तांबूस-काळे दाणे बसले होते. पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट काढला, त्याच्या तोंडातही एक दाणा बसलेला. टाकीच्या सांध्यात, पत्र्याच्या दुमडीत जे काही अडकून राहिले होते ते खडीवरच्या हादऱ्यांनी सुटून खाली आले होते. जाळी असती तर वर अडले असते.

हेमंत सरांनी वाटी तळहातावर ओतून घेतली. पेट्रोल बोटांमधून गळून गेले, दाणे राहिले.

“सर, हे काय आहे?”

गर्दीत पुढे ढवळू उभा होता, साखरशेतचा, त्या चार-पाच घरांतल्या एका घरचा. काखोटीला गाठोडे. तो मिरवणूक बघायला आला नव्हता, भिवंडीच्या ट्रकची वाट बघत होता. त्याने मान पुढे काढून हेमंत सरांच्या तळहातात पाहिले.

“दसरबेंद्री हाय ती,” ढवळू म्हणाला. “सगल्या साखरशेतात यंदा तेवढीच.”

कुणीतरी हसले. हसणाऱ्याला बहुधा वाटले की हा विनोद आहे. झुगरे सरांनी खिशातून रुमाल काढून पुढे केला आणि हेमंत सरांनी दाणे त्यात झटकले. मग ते कोट नसलेले, हलके गृहस्थ गाडीच्या मागे गेले, बाह्या सरसावल्या आणि एप्रिलात दिलेला शब्द त्यांनी पाळला. चढ संपेपर्यंत ढकलली. अर्ध्या गुणाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि त्याचाच सरांना जास्त त्रास झाला.

कोजागिरीनंतर एका रविवारी टेम्पो पुन्हा साखरशेतला आला. गाडी पडवीत जुन्या जागी उभी राहिली. जयवंतीने सीटवर खुराडे ठेवले. टाकी सरांनी स्वतः तीनदा राखेच्या पाण्याने धुतली होती, उन्हात ठेवली होती. कमूआत्याने झाकण उघडले, नाक नेले आणि झाकण लावले.

“आता ह्यात नागली नाय राहायची,” ती म्हणाली. एवढेच.

सरांनी खिशातून रुमाल काढला. गाठ सोडली. “हे थोडं निघालं. म्हटलं, बी म्हणून—”

कमूआत्याने रुमाल हुंगला आणि अंगणात झटकला. कोंबड्या धावत आल्या. एकीने दाणा चोचीत घेतला, खाली टाकला आणि चोच मातीला पुसली. बाकीच्या तिच्याकडे बघून परत फिरल्या.

सर उंबऱ्यावर बसले. वरकसावर पाकिटातली नागली अजून हिरवीगार उभी होती, दिसायला फार छान. मग त्यांनी विचारले, आणि विचारताना ते शाळेतले नव्हे, या घरातले वाटले.

“आत्ये, आजोबा चालवायचे ना ही?”

“कोन बोलला?”

“सगळेच बोलतात.”

“सगले म्हंजे तूच.” तिने तोंडातला तंबाखू गालात सरकवला. “मी होते तिथं. साहेबाचा तंबू मोडत होता. बाबाला टाकी होवी होती, नागलीला. साहेब बोलला, एकटी टाकी नाय देनार, उचलायची तर सगलं धूड उचल, माझी कटकट जाईल. चौघांनी ढकलत आनली.”

“पण साहेबाने चालू गाडी—”

“चालू असती तर तो तीवर बसून नसता गेला?”

“मग कशावर गेला?”

“खोडाल्याच्या बैलगाडीत,” कमूआत्या म्हणाली. “कसाऱ्यापत्तर.”